ताकद आणि ती पेलणारा

आमच्या उर्दू शाळेच्या पटावरून दहावीनंतर जी मुले दिसेनाशी होतात, ती पुढे बहुधा गॅरेजात भेटतात. जालना शहर घ्या, अंबड घ्या, भोकरदन, परतूर, मंठा घ्या. रस्त्याच्या कडेला टायरांची चळत, जमिनीत मुरलेले काळे तेल आणि ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले की आम्ही स्कूटर हळू करतो. ते पाय आमच्याच एखाद्या विद्यार्थ्याचे असण्याची शक्यता दाट असते. हजेरी घेताना जो मुलगा कधी वेळेवर "हाजिर" म्हणाला नाही, तोच इथे सकाळी आठला हजर असतो.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. मुस्लिम कष्टकऱ्यांमध्ये स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत मोठे आहे, असे त्यात नोंदलेले आहे. आम्ही तो अहवाल बी.एड.च्या अभ्यासासाठी चाळला. पुढे नोकरीला लागल्यावर तेच वाक्य आमच्या हजेरीपटावर दरवर्षी नव्याने वाचायला मिळू लागले. हुनर आपल्याकडे आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. त्या हुनराचे पुढे काय होते, हा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आम्हाला ज्या वाटेने मिळाले ती वाट जरा विचित्र आहे. ती एका स्पोर्ट्‌स कारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून जाते.

आमच्याकडे चारचाकी नाही. समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून भारी भारी गाड्या आम्ही पाहतो त्या पुलाखालून वा पुलावरून, लांबूनच. तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "सर, एक गाडी आयी है, दो दरवाजे की. इंजन की ताकद बढाको लाये, पर तिसरे गिअर में आवाजच बढरा, गाडी नै बढरी," तेव्हा आम्हाला वाटले की याने चुकून आमचा नंबर लावला असावा.

पण चूक नव्हती. हा मुलगा दहावीला विज्ञानात बरा होता. अकरावी सायन्सला प्रवेश घेतला, चार महिने बसला आणि उठून आला. पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका वर्कशॉपमध्ये लागला आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलण्यात त्याचा हात बसला. त्याला अडचण हाताची नव्हती. गाडीचे माहितीपुस्तक इंग्रजीत होते, स्कॅनरच्या पडद्यावरचे आकडे इंग्रजीत होते, आणि त्या आकड्यांमागचे विज्ञान त्याने उर्दूत शिकले होते, तेही आमच्याकडून. म्हणून फोन आम्हाला. तो पानांचे फोटो पाठवायचा, आम्ही शब्दकोश घेऊन बसायचो. रात्री दोघे मिळून अर्थ लावायचो. असे तीन आठवडे चालले. त्या तीन आठवड्यांत आम्ही जे शिकलो ते इथे सोप्या भाषेत मांडतो.

आधी ताकद म्हणजे काय ते पाहू. आपण 'पिकअप' म्हणतो, त्याच्या मुळाशी टॉर्क असतो. टॉर्क म्हणजे पीळ, फिरवण्याचे बळ. घट्ट बसलेला नट साध्या पान्याने निघत नाही, तेव्हा मिस्त्री पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवतो. हाताचे बळ तेवढेच राहते, पण लांबी वाढली की पीळ वाढतो. हा पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साधारण चाळीस किलोचे पोते टांगले तर जो पीळ पडेल, तो झाला सुमारे ४०० न्यूटन-मीटर. त्या गाडीच्या इंजिनाचा मूळ पीळ एवढाच होता. इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून तो ५२० वर नेला होता. हे काम कोणी दुसऱ्याने केले होते. गाडीच्या मालकाला लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर जशा ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तशा सरळ रेषेतल्या शर्यतीत उतरायचे होते. तिथे अंतर थोडे असते, साधारण चारशे मीटर. उभ्या गाडीला एकदम झेप घ्यावी लागते, आणि त्या झेपेचा सगळा भार गिअरबॉक्सवर येतो.

साध्या गाडीत पायाखाली क्लच असतो. ऑटोमॅटिकमध्ये त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिनाला जोडलेले पाते तेल फेकते, गिअरबॉक्सला जोडलेले पाते ते झेलते, आणि मध्ये एक तिसरे पाते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते. त्या तिसऱ्या पात्यामुळे गाडी जागेवरून उठताना पीळ जवळपास दुप्पट होतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये याचे पेटंट घेतले. ते त्याने जहाजांसाठी घेतले होते, वाफेच्या टर्बाइनची ताकद पंख्यापर्यंत नेण्यासाठी. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्‌समोबिल गाडीत 'हायड्रा-मॅटिक' नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आणला. त्यात कन्व्हर्टर नव्हता, त्याचा साधा भाऊ होता, तेलाचा कपलिंग. दुसऱ्या महायुद्धात हेच बॉक्स हलक्या रणगाड्यांत बसले. युद्धानंतर तिकडच्या शर्यतवाल्या पोरांनी तेच बॉक्स उघडून मजबूत करायला सुरुवात केली. म्हणजे हा धंदा गॅरेजातच जन्मला.

कन्व्हर्टरच्या मागे खरा बॉक्स. त्यात सूर्य आणि ग्रह असतात! मधल्या चाकाला सूर्यचाक म्हणतात, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचाके आणि सगळ्यांना वेढणारे बाहेरचे कडे. यांतले एक धरून ठेवले की एक गिअर, दुसरे धरले की दुसरा. दाते एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. बदल होतो तो 'कोणाला धरायचे' यात. आणि धरण्याचे काम करतात क्लचच्या चकत्या. एक खरबरीत, एक गुळगुळीत पोलादी, पुन्हा एक खरबरीत, अशी पापडांसारखी चळत असते. मागून तेलाचा दाब पडला की चकत्या एकमेकींना घट्ट चिकटतात. दाब सुटला की मोकळ्या.

चकत्यांची ही चळत किती पीळ पेलू शकेल, हे चार गोष्टींवर ठरते: घर्षण किती, घासणाऱ्या बाजू किती, तेलाचा दाब किती आणि चकतीची त्रिज्या किती. या चारांचा गुणाकार म्हणजे त्या चळतीची ताकद. आठवी-नववीत घर्षण शिकवताना आम्ही फळ्यावर लाकडी ठोकळा काढतो. तेच घर्षण इथे काम करते. आमचा विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, "ये तो अपुन ने पढा था सर, पर किसी ने बताया नै के ये गाडी में है."

आता हिशेब बघा. बॉक्सचे कवच बदलता येत नाही, म्हणून त्रिज्या तीच राहणार. समजा एका चळतीत सहा खरबरीत चकत्या आहेत. प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे घासणाऱ्या बाजू १२. पोलादी चकत्या थोड्या पातळ घेऊन त्याच जागेत सातवी बसवली, तर बाजू १४ होतात. ताकद एक-षष्ठांशाने वाढते. ४०० पेलणारी चळत सुमारे ४६७ पेलेल. पण इंजिन तर ५२० देते. उरलेले अंतर तेलाचा दाब अकरा-बारा टक्के वाढवून किंवा जास्त घर्षणाच्या चकत्या घालून भरावे लागते. कंपनी मुळात थोडी शिल्लक ठेवूनच बॉक्स बनवते, तरी हिशेब शिलकीवर करायचा नसतो. घर चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पकड कमी पडली की चकत्या घसरतात. घसरल्या की तापतात. ताप तेलात उतरतो, तेल जळते, त्याचा लालसर रंग काळपट होतो, करपलेला वास येतो. आणि जळलेल्या तेलाने पकड आणखी कमी होते. एकदा हे चक्र सुरू झाले की बॉक्स काही दिवसांचा सोबती. म्हणून ताकद वाढवणारे तेलासाठी मोठा कूलर बसवतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर तो आधी, बाकी सगळे नंतर.

आणि एवढे करूनही काम संपत नाही. चकत्या घसरायच्या थांबल्या की तोच पीळ पुढच्या भागावर जातो. साखळीतली सर्वांत कमजोर कडी मजबूत केली की दुसरी कोणती तरी कडी सर्वांत कमजोर ठरते. जनरल मोटर्सचा '४एल६०-ई' नावाचा बॉक्स कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स कारमध्ये होता. त्यात ताकद वाढवली की तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या चकत्या जळतात आणि सूर्यचाकाला फिरवणारे पातळ पोलादी कवच तुटते, हे तिकडच्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ आहे. म्हणून ते जाड, कडक केलेले कवच घालतात. कडक म्हणजे कसे? बाहेरून कडक, आतून चिवट. सगळेच कडक केले तर काचेसारखे तडकेल. हे समजायला जालनेकरांना अमेरिकेत जायला नको. आपल्या औद्योगिक वसाहतीत टीएमटी सळई तयार होते, तेव्हा लाल सळईवर पाण्याचा जोराचा मारा करतात. वरचा थर झटकन थंड होऊन कडक होतो, गाभा सावकाश थंड होऊन लवचीक राहतो. भूकंपात ती सळई वाकते, मोडत नाही. गिअरच्या दात्यांची रीत वेगळी, त्यांच्या कातडीत कर्ब मुरवून मग ती कडक करतात. पण मर्म तेच.

इथवर आम्हाला वाटले की उत्तर सापडले: चकती वाढवा, दाब वाढवा, कूलर लावा. वर्कशॉपच्या मालकाचेही तेच मत, गाडीच्या मालकाचेही तेच. आमचा विद्यार्थी मात्र अडून बसला. त्याने बॉक्स खोलला होता. एकाच चळतीच्या चकत्या जळल्या होत्या, बाकीच्या ठीक होत्या. "सर, डिब्बा कमजोर रहता तो सब थोडे थोडे घिसते. ये एकीच कायकू जली?" हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. तो त्याने विचारला.

उत्तर स्कॅनरच्या पडद्यावर होते. आजच्या गाड्यांत गिअरबॉक्सला स्वतःचा संगणक असतो. चकत्यांवर किती दाब द्यायचा हे तो इंजिनाच्या संगणकाला विचारून ठरवतो. इंजिन सांगते, 'मी आत्ता एवढा पीळ देतो आहे', त्यानुसार बॉक्स मूठ आवळतो. गिअर बदलण्याच्या क्षणी तर बॉक्स उलट विनंती करतो, 'क्षणभर जोर कमी कर', आणि इंजिन तो करते. त्या गाडीत ताकद वाढवणाऱ्याने इंजिनाचा जोर वाढवला होता, पण बॉक्सला कळवायचा आकडा जुनाच ठेवला होता. पडद्यावर पीळ ४०० च्या वर जातच नव्हता, आणि चाकांकडे मात्र ५२० निघाला होता. बॉक्सने ४०० समजून मूठ आवळली होती. ज्या गिअरमध्ये सर्वाधिक जोर दिला जायचा, त्याची चळत जळाली. बॉक्सची कमजोरी पुढे कधीतरी दिसली असती. त्या दिवशी तो जळाला खोट्या बातमीने.

मोठ्या कंपन्या ही गोष्ट फार काटेकोरपणे पाळतात. फोक्सवॅगनची पोलो जीटीआय २०१६ मध्ये थोड्या संख्येने भारतात विकायला आली होती. परदेशात त्याच १.८ लिटर इंजिनाला हाताच्या गिअरबॉक्ससोबत ३२० न्यूटन-मीटर पीळ दिलेला होता. ऑटोमॅटिक, म्हणजे दुहेरी कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या बॉक्ससोबत मात्र २५० च. तो बॉक्सच २५० साठी बनवलेला. इंजिनात दम होता, तरी पेलणाऱ्याकडे पाहून त्याला आवर घातला.

विद्यार्थ्याने हे मालकाला सांगितले. मालक म्हणाला, तू प्लेटा बदल, बाकीच्यात पडू नको. त्याने पुन्हा सांगितले. "दहावी पास आहेस, इंजिनिअर आहेस का?" असे उत्तर मिळाले. त्या रात्री त्याने फोनवर फार काही सांगितले नाही. नोकरी जाईल की राहील, एवढेच त्याच्या आवाजात होते. घरी आई, दोन बहिणी, आणि त्याचा एकट्याचा पगार. आम्ही त्याला म्हणालो, बेटा, तोंडी सांगू नको, कागदावर लिही. मग दोघांनी मिळून एक पान तयार केले. डाव्या बाजूला पडद्यावरचा पीळ, उजव्या बाजूला ताकद वाढवणाऱ्याने स्वतः दिलेला पीळ, खाली चकत्यांचा गुणाकार. इंग्रजी आमचे, आकडे त्याचे. ते पान पुण्याच्या एका डिग्रीवाल्या अभियंत्याला पाठवले गेले. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले: बरोबर आहे, आधी आकडा दुरुस्त करा. मग सगळ्यांनी मानले. आकडा दुरुस्त झाला, एक चकती वाढली, कूलर बसला, पहिल्या दोन गिअरमध्ये इंजिनाला मर्यादा घातली. गाडी आता घसरत नाही.

विद्यार्थ्याची नोकरी राहिली. पण जे त्याने हाताने ओळखले ते खरे ठरायला दुसऱ्याच्या सहीची वाट पाहावी लागली. हे आम्हाला विसरता येत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण हे वाचणाऱ्यांत गॅरेजवाले असतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. असल्या गाडीची जागा बंद धावपट्टीवर. समृद्धीवर कारला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, ती ज्याला अपुरी वाटते त्याच्या हातात किल्ली देऊ नये.

आता आमच्या धंद्याकडे येतो. दहावीपर्यंत आमचे मूल उर्दूत शिकते. न्यूटनचे नियम, घर्षण, दाब, उष्णता सारे त्याला आपल्या जबानीत समजते, आणि मातृभाषेत समजलेले पक्के असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. अकरावी विज्ञानात तोच अभ्यास अचानक इंग्रजीत येतो. जून महिन्यात गिअर बदलतो. त्या क्षणी कोणी जोर कमी करत नाही, कोणी दाब वाढवत नाही. मुलाचे डोके तेच, मेहनत तीच, पण पकड सुटते. आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. आणि आपण म्हणतो, मूल कमजोर होते.

उर्दू शाळा बंद करून टाका, असे सांगणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. ते इंजिनच काढून टाकायला निघाले आहेत. दुसरे आहेत ते निकालाची टक्केवारी फलकावर लावून खूश होतात. हे इंजिनाने बॉक्सला सांगितलेल्या आकड्यासारखे झाले. पुढच्या कॉलेजला आणि खुद्द आई-बापांना आपण खरा आकडा कळवत नाही, की या मुलाला विज्ञान येते पण विज्ञानाची इंग्रजी येत नाही. त्याला सहा महिने हात द्या.

आमच्या वर्गात आम्ही आता आठवीपासून भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावतो. रगड, घर्षण, फ्रिक्शन. दबाव, दाब, प्रेशर. रफ्तार, वेग, स्पीड. आठवड्याला दहा शब्द. मुलेच लिहितात, चुकले तर मुलेच खोडतात. गॅरेजात काम केलेले एखादे पोर चौथा रकाना सुचवते, मिस्त्रीच्या भाषेचा, आणि तो आम्ही आनंदाने वाढवतो. यात सरकारी योजना नाही, खर्च खडूचा. बारावीपर्यंत किती जण टिकतात ते तीन-चार वर्षांनी कळेल.

त्या विद्यार्थ्याशी आमचे बोलणे आता वेगळ्या विषयावर चालते. आयटीआयला वयाची वरची अट नाही, आणि आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, हे आम्ही त्याला सांगितले. तो म्हणाला, "सर, फॉर्म इंग्लिश में है क्या?" आम्ही म्हणालो, असू दे, रविवारी ये, दोघे बसून भरू.